विश्लेषण : दृष्टी जाण्याआधीच डोळ्यांचा धोका ओळखता येतो? ‘एएमडी’ची पूर्वसूचना कशी मिळते?

पेपर वाचताना ओळीतला नेमका मधला शब्द पुसट दिसतो. खिडकीचे गज वाकडे वाटतात. समोरच्याचे केस, कान, शर्टाची कॉलर दिसते. चेहरा मात्र ओळखू येत नाही. यावर घरात ठरलेले उत्तर असते: ‘वय झालं, मोतीबिंदू असेल. पिकला की काढून टाकू.’ बऱ्याचदा ते खरेही असते. पण काही वेळा बिघाड डोळ्याच्या भिंगात नसून मागच्या पडद्यात असतो आणि तिथले नुकसान मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. उतारवयात होणाऱ्या या आजाराला ‘एज रिलेटेड मॅक्युलर डीजनरेशन’ किंवा ‘एएमडी’ म्हणतात. त्याच्या खुणा दृष्टी कमी होण्याच्या कित्येक वर्षे आधी पडद्यावर उमटू लागतात. त्या ओळखण्याची साधने गेल्या दोन दशकांत वाढली आहेत. पण त्यातले खरोखर उपयोगाचे काय आणि धोका आधी कळून हाती काय लागते?

एएमडी म्हणजे नेमके काय?

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी केली तर पुढे भिंग आणि मागे प्रतिमा टिपणारा दृष्टिपटल, म्हणजे बोलीभाषेतला ‘पडदा’. या पडद्याच्या मध्यभागी साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक भाग असतो. तो मॅक्युला किंवा पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, एसटीची पाटी पाहणे, चेहरा ओळखणे ही सारी बारीक नजरेची कामे या एवढ्याशा भागावर चालतात. वयानुसार त्याची झीज होऊ लागते तेव्हा एएमडी सुरू होतो.

आजाराचे दोन प्रकार आहेत. ‘कोरड्या’ प्रकारात पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे मरत जातात. ‘ओल्या’ प्रकारात पडद्याखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून द्रव किंवा रक्त झिरपते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत मधली नजर बिघडू शकते. ओला प्रकार कमी जणांना होतो, पण अचानक आणि गंभीर दृष्टिहानीत त्याचा वाटा मोठा आहे. दोन्ही प्रकारांत कडेची नजर सहसा शाबूत राहते. त्यामुळे माणूस घरात नीट वावरतो, पण औषधाच्या पाकिटावरचे नाव वाचू शकत नाही. घरच्यांना आजार लवकर लक्षात न येण्याचे हे एक मोठे कारण.

प्रश्न किती मोठा आहे?

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात २०२० मध्ये १९.६ कोटी लोकांना एएमडी असेल आणि २०४० पर्यंत ही संख्या २८.८ कोटींवर जाईल, असे म्हटले होते. भारताबाबत ‘इंडआय’ हा अभ्यास महत्त्वाचा आहे. उत्तर आणि दक्षिण भारतातील साठ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या या पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात प्रगत एएमडी १.२ टक्के लोकांत आढळला. मात्र सुरुवातीच्या सौम्य खुणा दर दहापैकी सुमारे चौघांच्या डोळ्यांत होत्या.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की खरा प्रश्न समोर येतो. खुणा अनेकांत असतात, पण नजर गमावण्याची वेळ फार थोड्यांवर येते. मात्र हे ‘थोडे’ही भारतात कमी नाहीत. ‘इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३’नुसार २०२२ मध्ये देशात साठीपुढचे १४.९ कोटी लोक होते आणि २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होण्याचा अंदाज आहे. १.२ टक्के हेच प्रमाण ढोबळपणे धरले तरी आजघडीला १८ लाखांच्या आसपास संख्या निघते. त्यामुळे केवळ खूण शोधून भागत नाही. खुणा असलेल्यांपैकी कोणाचा आजार पुढे सरकेल, हे सांगता आले तर त्याला धोका ओळखणे म्हणता येईल.

पहिली खूण कुठे दिसते?

पडद्याखाली साचणाऱ्या पिवळसर कणांना ‘ड्रुसेन’ म्हणतात. पेशींच्या कामातून उरलेला, नीट निचरा न झालेला चरबी आणि प्रथिनांचा हा गाळ. वय वाढले की बहुतेकांच्या डोळ्यांत थोडेफार ड्रुसेन दिसतात. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान कण वार्धक्याचा भाग मानले जातात. १२५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण मात्र धोक्याचे. १२५ मायक्रॉन म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा थोडेसेच जास्त. दुसरी खूण म्हणजे रंगद्रव्यातील बदल. पडद्यामागच्या थरात कुठे काळपट ठिपके जमतात, कुठे रंग उडतो.

हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, अर्धा तास थांबायचे आणि नेत्रतज्ज्ञाने भिंगातून पडदा पाहायचा. चष्म्याचा नंबर काढताना हे आपोआप होत नाही, ही इथली मेख आहे. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ स्पष्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यातही मोठे ड्रुसेन असू शकतात.

चार गुणांचे गणित काय आहे?

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने ‘एरेड्स’ नावाचा मोठा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यातील नोंदींवरून २००५ मध्ये संशोधकांनी एक सोपी मोजपट्टी तयार केली. एका डोळ्यात मोठे ड्रुसेन असतील तर एक गुण, रंगद्रव्यात बदल असेल तर आणखी एक. दोन्ही डोळ्यांची बेरीज शून्य ते चार. एका डोळ्यात आजार आधीच प्रगत झाला असेल तर त्या डोळ्याचे दोन गुण धरायचे. मोठे ड्रुसेन कुठेच नाहीत, पण मध्यम आकाराचे दोन्ही डोळ्यांत आहेत, तर एक गुण.

पाच वर्षांत प्रगत एएमडी होण्याची शक्यता शून्य गुणांना सुमारे अर्धा टक्का, एका गुणाला ३ टक्के, दोन गुणांना १२ टक्के, तीन गुणांना २५ टक्के आणि चार गुणांना सुमारे ५० टक्के असते. म्हणजे एकाच वयाच्या, तक्ता सारखाच वाचणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाचा धोका दुसऱ्याच्या शंभरपट असू शकतो आणि दोघांनाही त्याची कल्पना नसते. या गणिताला संगणकही लागत नाही. फक्त कोणीतरी पडदा पाहिलेला असावा लागतो.

नवी यंत्रे यापुढे काय सांगतात?

‘ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी’ म्हणजे ओसीटी हे तंत्र १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगासमोर आले. सोनोग्राफीत ध्वनी जे काम करतो ते इथे प्रकाश करतो. परावर्तित प्रकाशावरून पडद्याचा उभा छेद काही मायक्रॉनच्या बारकाव्याने दिसतो. हात लावावा लागत नाही, इंजेक्शन नाही, काही मिनिटांत काम होते. ड्रुसेनची उंची, थर कुठे पातळ झाला, द्रव कुठे साचला हे त्यात कळते. ओला एएमडी ओळखण्यासाठी आणि उपचार लागू पडतात की नाही हे पाहण्यासाठी ओसीटी आता नित्याची झाली आहे.

दुसरा मार्ग अंधाराचा आहे. उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. एएमडीत मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींवर लवकर परिणाम होतो, त्यामुळे हा वेळ वाढतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पडदा निरोगी दिसत असूनही अंधाराला सरावायला जास्त वेळ घेणाऱ्यांना पुढील तीन वर्षांत एएमडीची सुरुवात होण्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. ही चाचणी अजून मुख्यतः संशोधनापुरती आहे. पण ‘हल्ली तिन्हीसांजेला जिना दिसत नाही’ ही तक्रार डॉक्टरांना आवर्जून सांगावी, एवढा धडा त्यातून घेता येतो.

जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

एएमडी कुटुंबात उतरतो हे जुने निरीक्षण आहे. २००५ मध्ये ‘सीएफएच’ या जनुकातील एका बदलाचा या आजाराशी जवळचा संबंध असल्याचे अनेक गटांनी एकाच सुमारास दाखवले. हे जनुक शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील एका साखळीला आवर घालते. तो आवर सैल पडला की पडद्याजवळ दाह वाढतो, असे मानले जाते. पुढे दहाव्या गुणसूत्रावरील ‘एआरएमएस २’ आणि ‘एचटीआरए १’ यांचा भागही महत्त्वाचा ठरला. २०१६ मधील एका मोठ्या विश्लेषणात ३४ ठिकाणचे ५२ जनुकीय बदल नोंदवले गेले.

तरीही अमेरिकन अॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी एएमडीसाठी सरसकट जनुकीय चाचणीची शिफारस करत नाही. कारण साधे आहे. चाचणीचा निकाल काहीही आला तरी आज उपचार बदलत नाही. धोक्याचे जनुक असलेल्या अनेकांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होऊ शकतो. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला एएमडी आहे का, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत आणि त्यातून नियमित तपासणीचा निर्णय घेता येतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता भविष्य सांगू शकते का?

काही प्रमाणात. लंडनचे मूरफील्ड्स आय हॉस्पिटल आणि डीपमाइंड यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एक प्रणाली मांडली. एका डोळ्यात ओला एएमडी झालेल्या २,७९५ रुग्णांच्या ओसीटी प्रतिमांवर ती आधारलेली होती. दुसऱ्या डोळ्याला पुढील सहा महिन्यांत तोच आजार होईल का, एवढाच प्रश्न तिला विचारला गेला. तिने सहापैकी पाच तज्ज्ञांपेक्षा सरस कामगिरी केली.

मात्र आकडे नीट वाचायला हवेत. प्रणाली अधिक संवेदनशील ठेवली तर आजार होणार असलेल्या शंभर प्रतिमांपैकी ८० तिने पकडल्या, पण आजार न होणाऱ्या शंभरांपैकी ४५ वेळा खोटी घंटा वाजवली. खोट्या घंटा दहावर आणल्या, तर पकड ३४ वर घसरली. खोटी घंटा म्हणजे एखाद्या सत्तरीच्या माणसाला विनाकारण वाटणारी भीती, वाढलेल्या फेऱ्या आणि वाढलेला खर्च. त्यामुळे अशा प्रणालीचा खरा उपयोग सध्या कोणाला लवकर पुन्हा बोलवायचे, हे ठरवण्यापुरता आहे.

मधुमेहामुळे पडद्यावर होणाऱ्या आजारात चित्र वेगळे आहे. तिथे डॉक्टरांशिवाय निदान करणाऱ्या पहिल्या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये परवानगी दिली. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेहींच्या पडद्याची स्मार्टफोनवर आधारित कॅमेरा आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रणालीने तपासणी झाली आणि तिचे आश्वासक निष्कर्ष २०१९ मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’त आले. पण ही तपासणी मधुमेहाच्या खुणांसाठी होती. तिथे ‘सर्व ठीक’ आले म्हणजे एएमडी नाही, असा अर्थ निघत नाही. आणखी एक गोष्ट: मोबाइलच्या साध्या सेल्फीत पडदा दिसत नाही. त्यासाठी वेगळे भिंग आणि प्रकाशाची खास रचना लागते.

धोका आधी कळून उपयोग काय?

उपयोग आहे, पण सर्वांना सारखा नाही. धूम्रपान हा बदलता येणारा सर्वांत मोठा धोका आहे. सिगारेट, बिडी सोडण्याचा सल्ला कोणत्याही टप्प्यावर लागू पडतो. गोळ्यांचे तसे नाही. एरेड्स अभ्यासाच्या २००१ मधील निष्कर्षानुसार जीवनसत्त्व ‘क’, जीवनसत्त्व ‘ई’, बीटा कॅरोटिन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मात्रेमुळे मध्यम टप्प्यातील किंवा एका डोळ्यात प्रगत आजार असलेल्या रुग्णांत आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटिनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून २०१३ मधील दुसऱ्या अभ्यासानंतर त्याऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन आले. ज्यांच्या डोळ्यांत फक्त बारीक ड्रुसेन आहेत, त्यांना या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही. डबीवर ‘डोळ्यांसाठी’ लिहिले आहे म्हणजे मात्रा तीच आहे असेही नाही.

सर्वांत मोठा फरक ओल्या एएमडीत पडतो. २००६ पासून डोळ्यात देण्याची रॅनिबिझुमॅबसारखी इंजेक्शने उपलब्ध झाली आणि झिरपा रोखून नजर वाचवणे शक्य झाले. स्वस्त पडणारे बेव्हासिझुमॅब जवळपास तितकेच परिणामकारक असल्याचे अमेरिकेतील चाचणीत २०११ मध्ये दिसले. भारतात रॅनिबिझुमॅबची देशी समरूप आवृत्ती २०१५ मध्ये आली. ही इंजेक्शने आहे ती नजर टिकवण्यात सर्वांत प्रभावी ठरतात. पडद्यावर एकदा व्रण झाला की हाती फारसे उरत नाही. म्हणून दिवस मोजावे लागतात. अमेरिकेतील १,५२० जणांच्या एका अभ्यासात, घरी बसवलेल्या उपकरणावर रोज तपासणी करणाऱ्यांचे निदान झाले तेव्हा त्यांनी तक्त्यावरची सरासरी चार अक्षरे गमावली होती, तर केवळ नेहमीच्या पद्धतीवर विसंबलेल्यांनी नऊ.

कोरड्या एएमडीच्या प्रगत अवस्थेसाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनांना मंजुरी मिळाली. ती झीज मंदावतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. त्यातील पेग्सेटाकोप्लानला युरोपात २०२४ मध्ये मंजुरी नाकारली गेली.

मग सर्वांचीच तपासणी का होत नाही?

देशातील अंधत्वाचे मुख्य कारण अजूनही मोतीबिंदू आहे. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील व्यक्तींच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के वाटा त्याचाच होता. तो एका शस्त्रक्रियेने दूर होतो, म्हणून शिबिरे आणि सरकारी कार्यक्रमांचा भर तिथे असणे योग्यच आहे. मात्र या भराची एक बाजू अशी की साठीनंतर नजर कमी झाली म्हणजे मोतीबिंदूच, हे समीकरण घरोघरी पक्के झाले. मोतीबिंदू दाट असेल तर मागचा पडदा नीट दिसतही नाही. शस्त्रक्रियेनंतरही अक्षरे पुसट राहतात तेव्हा खरे कारण कळते आणि दोष मात्र ‘ऑपरेशन बिघडले’ म्हणून दिला जातो.

सरसकट तपासणीच्या बाजूने पुरावाही अपुरा आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक सेवा कृतिगटाने २०२२ मध्ये लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांच्या दृष्टितपासणीबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे सांगितले. नेत्रतज्ज्ञांची संघटना मात्र चाळिशीत एकदा संपूर्ण तपासणी आणि पासष्टीनंतर दर एक ते दोन वर्षांनी तपासणी सुचवते. भारतात खर्चाचाही मुद्दा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांसाठी आयुष्मान भारत योजना खुली झाली. पण ती रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी तिच्यात येत नाही. धोका ओळखण्याचे काम तर नेमके बाह्यरुग्ण विभागातच होते.

घरच्या घरी काय करता येईल?

स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांच्या नावाने ओळखला जाणारा चौकटींचा तक्ता गेली कित्येक दशके वापरात आहे. वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, सुमारे एक फुटावरून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या, तुटक किंवा मधे डाग दिसला तर ती सूचना. तक्ता नसेल तर गणिताच्या चौकटी वहीचे पान घेऊन मध्यभागी ठिपका काढावा. भिंतीवरच्या टाइल्सचे सांधेही उपयोगी पडतात. प्रत्येक डोळा वेगळा तपासणे महत्त्वाचे, कारण दोन्ही उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्याला सांभाळून घेतो. ही चाचणी अचूक नाही; मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरतो, त्यामुळे बरेच बदल निसटतात. रेषा सरळ दिसल्या म्हणून तपासणी टाळू नये.

ज्यांच्या घरात हा आजार आहे, जे धूम्रपान करतात किंवा ज्यांच्या एका डोळ्याची मधली नजर आधीच गेली आहे, त्यांनी चष्म्याच्या दुकानात नंबर काढून न थांबता थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दोनच: ‘ड्रुसेन आहेत का? असतील तर केवढे?’ आणि सरळ रेषा अचानक वाकडी दिसू लागली, तर पुढच्या महिन्यातल्या शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात पडद्याचे तज्ज्ञ गाठावेत.